चुंबकाला प्रकाशाची टिचकी

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. ओपीडीत साठी ओलांडलेले एक काका मुलाच्या खांद्याचा आधार घेत आले. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि जखमेला वास येत होता. मधुमेह बारा वर्षांचा. केसपेपर चाळला तर आधीची साखर बरी दिसत होती, पण चार महिन्यांपासून गोळ्या बंद.

‘‘का बंद केल्या, काका?’’

काकांनी शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला. आत नाण्याएवढी चुंबकं शिवलेली होती, चपलांच्या तळातही तशीच बसवलेली. गावात एक शिबिर झालं होतं, तिथे साडेचार हजारांना घेतलेला हा संच.

‘‘डॉक्टरसाहेब, रक्तात लोह असतं ना? मग चुंबक त्याला खेचणारच. रक्त फिरतं राहिलं की साखर साचेल कशाला?’’

अंगठा आम्हाला वाचवता आला नाही. पाय वाचला. पाचव्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी मी पुन्हा सांगत होतो की चुंबकाचा रक्तातल्या साखरेशी काही संबंध नाही. मुलगा आयटीआय झालेला, वायरमनचं काम करणारा. तो जरा चाचरत म्हणाला, ‘‘सर, एक विचारू? शिबिरातला माणूस म्हणाला चुंबक आतून काम करतं. तुम्ही म्हणता करत नाही. पण चुंबकाच्या आत नेमकं काय चालतं, हे कुणी बघितलंय का?’’

प्रश्न रास्त होता. ‘मी डॉक्टर आहे म्हणून ऐक’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. खरं उत्तर असं की हो, बघितलंय, आणि तेही प्रकाशाच्या साहाय्याने. त्या गोष्टीत आपल्या कोलकात्याचा मोठा वाटा आहे. आमच्या एमआरआय यंत्राचं मूळही त्याच घरातलं आहे.

भोवऱ्यांचं शेत

चुंबकाचा तुकडा हातात घेतला तर तो निपचित पडलेला वाटतो, पण आत धांदल चाललेली असते. लोखंडासारख्या पदार्थातल्या अणूंमधले काही इलेक्ट्रॉन स्वतःच छोट्या चुंबकासारखे वागतात. या गुणधर्माला ‘स्पिन’ म्हणतात. शब्दशः काही गरगर फिरत नसलं, तरी समजण्यापुरता प्रत्येक अणूच्या जागी एक चिमुकला भोवरा आहे असं माना. साध्या पदार्थात हे भोवरे वाटेल त्या दिशेला कललेले असतात आणि एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. चुंबकात मात्र शेजारी शेजाऱ्याला धरून असतो, त्यामुळे सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला राहतात.

आता यातला एक भोवरा जरासा डळमळला तर? शेजारी त्याला बांधलेला असल्यामुळे तोही डुलतो, मग त्याचा शेजारी. ज्वारीच्या उभ्या शेतावरून वारा जातो तेव्हा ताट जागचं हलत नाही, पण लाट मात्र या बांधापासून त्या बांधापर्यंत पळत जाते. चुंबकात अशीच डुलण्याची लाट पळते. ती ‘स्पिन लाट’. प्रकाशाच्या सर्वात लहान हिश्श्याला जसं फोटॉन म्हणतात, तसं या लाटेच्या सर्वात लहान हिश्श्याला ‘मॅग्नॉन’ म्हणतात.

ही कल्पना १९३० साली फेलिक्स ब्लॉख या तरुण शास्त्रज्ञाने मांडली. चुंबक तापवला की तो कमजोर का होतो, याचं उत्तर त्याला हवं होतं. त्याचा हिशेब असा : उष्णता वाढली की लाटा वाढतात, आणि जितक्या लाटा जास्त तितकी भोवऱ्यांची एकजूट कमी. लोखंडाचं तापमान साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की एकजूट पार मोडते आणि त्याचं चुंबकत्व जातं.

याच ब्लॉखने पुढे १९४६ मध्ये अमेरिकेत अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाचा अभ्यास केला. त्याच सुमारास एडवर्ड पर्सेल यानेही स्वतंत्रपणे तेच काम केलं. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं आणि त्या पायावर पुढे एमआरआय उभा राहिला. म्हणजे चुंबकातल्या लाटा सांगणारा माणूस आणि एमआरआयचा पाया घालणारा माणूस एकच.

टिचकी मारून ऐकणं

लाटा आहेत असं गणित सांगत होतं. पण त्या पाहायच्या कशा?

इथे आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती आठवते. क्ष-किरण नव्हते तेव्हा छातीत पाणी झालंय का, हे डॉक्टर बोटाने टकटक करून ओळखत. पोकळ भागाचा आवाज वेगळा, भरलेल्याचा वेगळा. लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये या तपासणीवर पुस्तक लिहिलं. त्याचे वडील खानावळ चालवत आणि पिंप किती भरलंय हे ठोकून पाहत, तिथूनच त्याला हे सुचलं असं सांगतात. तत्त्व सोपं आहे. आपण टिचकी मारायची आणि परत येणाऱ्या आवाजात काय बदल झाला ते ऐकायचं.

पदार्थाला अशी टिचकी प्रकाशाने मारता येते. शाळेच्या पुस्तकात आपण ‘प्रकाशाचे विकिरण’ शिकलो, म्हणजे प्रकाशाचं सगळीकडे विखुरणं. आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. या विखुरण्यात बहुतेक प्रकाशाचा रंग बदलत नाही. पण १९२८ मध्ये कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी दाखवून दिलं की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी छोटा हिस्सा रंग बदलून बाहेर येतो. त्यांनी ठरावीक रंगाचा गाळलेला प्रकाश द्रवात सोडला आणि बाहेर पडलेल्या प्रकाशात मुळात नसलेला रंग सापडला. २८ फेब्रुवारी हा त्या शोधाचा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळालं. त्याच काळात मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम दिसला होता.

रंग का बदलतो? फोटॉन रेणूवर आदळतो तेव्हा कधीकधी आपल्या ऊर्जेतला थोडा भाग त्याला देऊन जातो आणि रेणू थरथरू लागतो. फोटॉनची ऊर्जा कमी झाली म्हणून त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. रेणू आधीच थरथरत असेल तर उलटंही होतं. फोटॉन त्याच्याकडून ऊर्जा घेऊन निळ्याकडे सरकतो. किती ऊर्जा गेली हे मोजलं की रेणूची थरथर कोणत्या सुरातली आहे हे कळतं. अडचण एवढीच की असे फोटॉन फार थोडे, ढोबळमानाने लाखो-कोटींत एखादा. म्हणून पुढची प्रगती लेझरची वाट पाहत थांबली. १९६० मध्ये लेझर आला आणि एकाच रंगाचा प्रखर प्रकाश हाताशी आला.

स्फटिकातली ती रेघ

मग काहींनी विचार केला की प्रकाश रेणूंची थरथर ओळखतो, तर चुंबकातल्या भोवऱ्यांचं डुलणं का नाही ओळखणार?

हे वाटतं तितकं सरळ नव्हतं. प्रकाशात विद्युत आणि चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रं असतात, पण प्रकाशाचं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या स्पिनला थेट फारसं हलवू शकत नाही. एलियट आणि लाउडन या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये आडवाट दाखवली. प्रकाशाचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या फिरण्याच्या कक्षेला धक्का देतं. कक्षा आणि स्पिन एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो धक्का स्पिनपर्यंत पोचतो. थोरल्याशी बोलावं आणि निरोप धाकट्यापर्यंत जावा, तसं.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये पॉल फ्लूरी, ब्राझीलहून आलेले सर्जिओ पोर्टो आणि त्यांचे सहकारी यांनी लोहाच्या फ्लोराइडचा स्फटिक अतिशय थंड केला आणि त्यावर लेझर सोडला. विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाच्या अगदी लगत एक नवी बारीक रेघ दिसली. मूळ ऊर्जेपासून तिचं अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. ही रेघ मॅग्नॉनची होती. फोटॉनने आपल्या ऊर्जेतला चिमूटभर हिस्सा देऊन चुंबकात एक लाट उठवली होती.

लोह फ्लोराइड हा पदार्थही मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात शेजारचे भोवरे एकाच दिशेला नसतात. एक वर, दुसरा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. एकाचं बळ दुसरा पुसून टाकतो, त्यामुळे टाचणी त्याला चिकटत नाही आणि बाहेरून तो चुंबक वाटतच नाही. आत मात्र कडक शिस्त असते. अशा पदार्थांना प्रतिलोहचुंबक म्हणतात. फ्रान्सच्या लुई नेएल यांना या विषयावरच्या कामासाठी १९७० चं नोबेल मिळालं. रक्तदाब वाढलेला असूनही वरून ठणठणीत दिसणारा माणूस आम्ही रोज पाहतो. वरवर काही दिसत नाही म्हणून आत काही नाही असं नसतं, मोजावं लागतं.

निदान पक्कं कसं झालं?

आता कुणीही विचारेल की ही रेघ चुंबकत्वाचीच कशावरून? स्फटिकातले अणू नुसतेही थरथरतात, ती त्यांची रेघ असेल. हीच शंका खरी शास्त्रीय शंका. आमच्याकडे तापाचा पेशंट आला तर मलेरिया की डेंग्यू की टायफॉइड, हे आम्ही एका लक्षणावरून ठरवत नाही. इथेही तसंच करतात.

पहिली कसोटी तापमानाची. अणूंच्या साध्या थरथरीची रेघ तापवल्यावरही टिकून असते. चुंबकत्वाची रेघ मात्र तापमान वाढत गेलं की मूळ रंगाकडे सरकते, फिकी होते आणि शिस्त मोडण्याच्या तापमानाला ओळखू येईनाशी होते. लोह फ्लोराइडमध्ये हे तापमान उणे १९५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. दुसरी कसोटी बाहेरच्या चुंबकाची. जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं की मॅग्नॉनची रेघ हलते किंवा दुभंगते, साध्या थरथरीला त्याचा फरक पडत नाही. तिसरी कसोटी ध्रुवणाची, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवून पाहण्याची. मॅग्नॉनने विखुरलेल्या प्रकाशात ही दिशा ठरावीक प्रकारे बदललेली असते. तिन्ही कसोट्या जुळल्या की निदान पक्कं.

शिबिरातल्या दाव्यांत आणि प्रयोगशाळेतल्या दाव्यांत मला फरक दिसतो तो नेमका इथे. प्रयोगशाळेतला माणूस आपलं म्हणणं खोटं कसं ठरू शकेल, हे आधी स्वतःच शोधतो.

अर्थात प्रकाशालाही मर्यादा आहेत. प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट असते, त्यामुळे त्याला एकेकटी लाट दिसते ती फक्त लांबलचक असलेली. आखूड लाटा पाहायला न्यूट्रॉनचा मारा करावा लागतो. कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी १९५७ मध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजातल्या स्पिन लाटा न्यूट्रॉनने मोजल्या होत्या. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमातलं मोठं नाव असलेल्या पी. के. अय्यंगार यांनीही त्यांच्याबरोबर काम केलं होतं. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचा असा उपयोग होतो. पण न्यूट्रॉनसाठी अणुभट्टी लागते आणि बराच मोठा नमुना लागतो. लेझर एका खोलीत मावतो आणि केसाच्या जाडीहून लहान जागेवर रोखता येतो. एक सीटी स्कॅन आणि दुसरा स्टेथोस्कोप. दोन्हींची गरज असते.

पुढे काय साधलं?

चुंबकातल्या काही लाटा फारच मंद असतात. त्यांच्यामुळे हिरव्या प्रकाशाच्या वारंवारतेत पडणारा फरक पन्नास हजारात एक भाग इतका बारीक असतो. असा फरक पकडण्याच्या तंत्राला ब्रिल्वाँ विकिरण म्हणतात. त्यात समोरासमोर ठेवलेल्या आरशांच्या जोड्यांमधून तोच प्रकाश पुन्हा पुन्हा गाळला जातो. सत्तरच्या दशकात सँडरकॉक यांनी असं उपकरण घडवलं आणि खोलीच्या तापमानाला आपोआप उठणाऱ्या स्पिन लाटाही मोजता येऊ लागल्या.

याच तंत्राने २००६ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातल्या गटाने एक नवल दाखवलं. लोह आणि यिट्रियम असलेल्या गार्नेटच्या पातळ थरात सूक्ष्मलहरी सोडून त्यांनी मॅग्नॉनची गर्दी केली. गर्दी पुरेशी वाढल्यावर हे मॅग्नॉन सर्वात कमी ऊर्जेच्या एकाच अवस्थेत गोळा झाले. सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था अणूंच्या बाबतीत निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ मिळते. इथे ती नेहमीच्या खोलीच्या तापमानात मिळाली.

याचा उपयोग काय, असं कुणीही विचारेल. दोन गोष्टी सांगतो. मोबाइल गरम होतो, कारण त्यात वीज वाहते आणि तारांमध्ये तिला विरोध होतो. स्पिन लाट निरोप नेते, पण इलेक्ट्रॉनना जागचं हलावं लागत नाही. म्हणून कमी ऊर्जेत चालणारी, कमी तापणारी उपकरणं या लाटांवर बांधता येतील का, यावर जगभर काम चाललं आहे. अजून ती बाजारात आलेली नाहीत.

दुसरी गोष्ट आमच्या जवळची. एमआरआय यंत्रातला मोठा चुंबक अतिवाहक तारेचा असतो आणि बहुतेक यंत्रांत ती तार द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावी लागते. ते महागडं काम आहे. १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडचे असे पदार्थ सापडले, की जे त्या मानाने बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहक होतात. त्यांचा मूळ पदार्थ हा प्रतिलोहचुंबक आहे. १९८८ मध्ये फ्लूरी आणि सहकाऱ्यांनी त्यावर लेझर सोडला. शेजारचे दोन भोवरे एकदम उलटतात तेव्हा उठणाऱ्या मॅग्नॉनच्या जोडीची खूण त्यांना मिळाली आणि शेजाऱ्यांमधली पकड विलक्षण घट्ट असल्याचं त्यातून मोजलं गेलं. हे पदार्थ अतिवाहक का होतात, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. पण या चुंबकत्वाचा त्याच्याशी संबंध आहे, असं अनेक संशोधक मानतात.

रामन यांची टिचकी आमच्या दवाखान्याकडेही वळली आहे. कर्करोगाच्या पेशींमधले रेणू निरोगी पेशींपेक्षा वेगळा सूर देतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगासाठी या तंत्रावर काम झालं आहे. तंबाखू आणि मावा खाऊन तोंड न उघडणारे तरुण रोज पाहताना मला याचं महत्त्व जाणवतं. मात्र आज तरी निदानासाठी बायोप्सीच लागते. डॉक्टरांनी सांगितली तर ती टाळू नका.

मग रक्तातल्या लोहाचं काय?

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. रक्तात लोह असतं हे खरंच. प्रौढ माणसाच्या शरीरात ते तीन-चार ग्रॅम असतं आणि त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये असतं. पण लोह असणं आणि चुंबक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चुंबकत्वासाठी शेजाऱ्याने शेजाऱ्याला धरावं लागतं. हिमोग्लोबिनच्या एका अवाढव्य रेणूत लोहाचे अणू फक्त चार, तेही एकमेकांपासून लांब. धरायला शेजारीच नाही, मग लाट उठणार कुठून?

मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये वाळलेलं रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलं होतं. ते चुंबकाकडे ओढलं गेलं नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांनी चुंबकाने काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळते, हे दाखवून प्रकाश आणि चुंबकत्व यांचं नातं पहिल्यांदा उघड केलं. पुढे १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी नेमकं मोजलं. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून अगदी किंचित दूर सरकतं आणि प्राणवायू सोडलेलं अगदी किंचित जवळ. हा किंचित फरकही शास्त्राने वाया जाऊ दिला नाही. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी त्याच्याच आधारे मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे एमआरआयमध्ये दाखवण्याची वाट काढली. तेही बेल लॅबमध्येच.

आमच्या एमआरआयचा चुंबक साधारण दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. त्यात माणूस अर्धा तास झोपून बाहेर येतो, तरी रक्त एका बाजूला ओढलं जात नाही आणि साखर एका अंकानेही उतरत नाही. मग पट्ट्यातली चुंबकं काय करणार? २००७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यातही, अशा स्थिर चुंबकांनी दुखणं कमी होतं याला आधार मिळाला नव्हता. एक धोका मात्र खरा आहे. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी असे चुंबक छातीजवळ नेऊ नयेत, पेसमेकरचं काम त्यामुळे बदलू शकतं.

मधुमेह असलेल्यांनी एवढंच करावं. गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावं. अनवाणी चालू नये. जखम दुखत नाही म्हणून ती साधी समजू नये, कारण मधुमेहात संवेदना कमी झाल्यानेच ती दुखत नसते.

हे सगळं मी त्या मुलाला दोन-तीन ड्रेसिंगमध्ये, सवडीने सांगितलं. भोवऱ्यांची गोष्ट त्याला पटकन कळली. काका डोळे मिटून ऐकत होते. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘हा राहू द्या इथंच. घरी दिसला की पैसे आठवतात.’’

आमच्या सिस्टरनी त्यातली चुंबकं उसवून काढली. ड्युटीचा तक्ता आता लोखंडी कपाटावर त्यांनीच धरून ठेवला आहे. तेवढं काम ती चोख करतात.